गाडीखालची जागा

कुत्र्यांखाली अंथरायला आणलेल्या कडब्याची गाडी रिकामी झाली. गाडीवानाने बैलांना हाक दिली, चाकं हलली, आणि गाडीखाली बसलेला फिन उठून चालायला लागला. गाडीच्या शेजारून नाही, खालून. दोन चाकांच्या बरोबर मधोमध, सावलीत. मागचा एक पाय नसलेला कुत्रा बैलांच्या चालीने फाटकापर्यंत गेला. बैल थांबले, तसा तोही थांबला.

माझ्या हातात कुत्र्यांची भांडी होती. ती मी तिथेच खाली ठेवली.

आठ दिवसांनी फिनचं विमान होतं.

मी चौसाळ्याजवळच्या एका शेल्टरमध्ये कामाला आहे. शेल्टर म्हणजे जखमी, आजारी, सोडून दिलेल्या कुत्र्यांना ठेवायची जागा. मी त्यांना खायला घालते, जखमा धुते, जागा झाडते आणि रजिस्टर लिहिते. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे, म्हणून रजिस्टर माझ्याकडे आलं. कुत्रा कुठे सापडला, काय लागलं होतं, खातो का, वागतो कसा, असे त्यात रकाने आहेत. बरा झालेला कुत्रा कुणाच्या तरी घरी द्यायचा, त्याला अडॉप्शन म्हणतात. धडधाकट असेल तर आसपासचे लोक राखणीला नेतात. लंगडा, आंधळा असेल तर इथे कुणी घेत नाही. "बाई, हे आमची राखण करंल का आमी ह्याची?" असं तोंडावर विचारतात. त्यात त्यांची चूकही नाही. अशा कुत्र्यांचे फोटो डॉक्टर मॅडम परदेशातल्या लोकांना पाठवतात. तिकडे लंगड्या कुत्र्यालाही घर मिळतं, कधी कधी लंगड्यालाच आधी मिळतं.

फिन दिवाळीनंतर हायवेवर सापडला होता. मागच्या पायावरून गाडी गेलेली. पाय वाचला नाही. बरा झाल्यावर आम्ही त्याला पिंजऱ्यात गादी दिली. तो गादीवर कधी बसला नाही. पिंजरा उघडला की लंगडत जायचा आणि आमच्या व्हॅनखाली बसायचा. मॅडम म्हणाल्या, "गाडीखाली सापडला ना, ट्रॉमा आहे. लपतो बिचारा." मी रजिस्टरमध्ये लिहिलं: घाबरतो, लपतो.

पाच महिने मी तेच लिहीत होते.

आणि माझं लहानपण साखर कारखान्यावर गेलं होतं. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मीही मागे जायची. शाळा त्यातच सुटली. आमच्या टोळीत प्रत्येक दोन-तीन बैलगाड्यांमागे एक कुत्रं असायचं. दिवसा गाडीखालून चालायचं, मुक्कामाला गाडीखाली बसायचं. त्याची जागाच ती. गाडीजवळ परका माणूस फिरकू शकायचा नाही. हे मला माहीत होतं. तरी मॅडम ट्रॉमा म्हणाल्या आणि मी लिहिलं. शिकलेल्या माणसाने एकदा सांगितलं, की मग आपल्याला आपलं माहीत असलेलं आठवत नाही.

मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. मला चटकन बोलता येत नाही. मॅडमना त्याची सवय आहे. त्या फिनची फाइलच लावत होत्या.

"काय गं मंदा?"

"मॅडम, फिन सोडून दिलेला कुत्रा नाही. तो टोळीचा आहे. हरवलाय."

मी गाडीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"पाच महिन्यांनी सांगतेस?"

"मला आज कळलं."

त्यांना राग आला, आणि येणारच होता. परदेशात कुत्रा पाठवणं सोपं नसतं. मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात, तिच्यात त्याचा नंबर असतो. मग रेबीजची लस. मग रक्त काढून परदेशातल्या लॅबला पाठवायचं. रक्त पास झालं तरी तीन महिने थांबायचं. हे सगळं झालं होतं. हॉलंडच्या योहानाबाई रोज त्याचा फोटो मागवायच्या. फिन हे नावही त्यांनीच ठेवलेलं. त्याला जिना चढायला नको म्हणून त्यांनी स्वतःचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं होतं. ते घर मी मोबाइलवर पाहिलं होतं. मला वाटलं होतं, कुत्र्याऐवजी आपणच जावं.

"समज मालक सापडला," मॅडम म्हणाल्या, "तर तीन पायांचा कुत्रा उसाच्या फडात काय करणार? तिथे डॉक्टर कुठला? आणि मालकाने पाच महिन्यांत चौकशी केली का?"

मी म्हटलं, "पण त्यांचा आहे."

मॅडमनी चष्मा परत लावला. म्हणाल्या, "विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत वाट बघू. कुणी आलं तर त्यालाही अडॉप्शनचा फॉर्म भरावा लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

आमच्या समोर हायवेला शिवाप्पांचं चहाचं हॉटेल आहे. कारखाने बंद होत आले होते, टोळ्यांचे ट्रक परत निघाले होते आणि बरेचसे तिथेच चहाला थांबायचे. मी आप्पांकडे गेले. सहा वर्षांत मी त्यांच्याशी चहा सोडून काही बोलले नव्हते.

"आप्पा, दिवाळीनंतर इथं एका टोळीचं कुत्रं सुटलं होतं का?"

आप्पांचा पितळी चिमटा हातातच राहिला. "सुटलं होतं की. ट्रक गेला न् ते मागं पळालं, तसंच दुसऱ्या गाडीखाली आलं. दुसऱ्या दिवशी फोन आला त्यांचा. मी सांगितलं, मेलं म्हणून."

"मेलं नव्हतं. आम्ही उचललं."

"मग तुमी मला सांगायचं का न्हाई? समोरासमोर ऱ्हातो आपण!"

तेही खरंच होतं. मालकाने चौकशी केली होती. आम्ही रस्ता ओलांडला नव्हता. आप्पांकडे नंबर राहिला नव्हता, पण टोळी वडवणीकडची होती एवढं त्यांना आठवत होतं. "येतील," ते म्हणाले. "माझ्या चहाबिगर कोण घरी जातंय?"

सहा दिवस रोज ट्रक आले. आप्पा प्रत्येकाला विचारायचे. काही टोळ्या वडवणीच्या निघाल्या, पण कुत्रं त्यांचं नव्हतं. मॅडमनी प्रवासाचा पिंजरा धुऊन वाळत घातला.

सातव्या दिवशी दुपारी एक बाई फाटकातून तरातरा आत आली. पन्नाशीची असेल. उसाच्या पात्यांनी दोन्ही हात ओरखडलेले. मागे हायवेवर ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"कुठं हाय त्यो?" ती म्हणाली.

फिन व्हॅनखाली होता. तिने वाकून पाहिलं. गेलेला पाय तिला दिसला. तिने पदर तोंडाला लावला, मग काढला आणि ओरडली, "आरं बादशा! कुठं मेलतास रं मुडद्या? कावून उतरलास खाली?"

बादशा बाहेर आला. तिच्या पायांना नाक लावलं. मग तिला मागे टाकून, लंगडत, थेट फाटकाकडे निघाला. मी फाटक लावून घेतलं. तो तिथेच बसून राहिला, नाक फटीत घालून.

बाईंचं नाव गयाबाई. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या. मी फॉर्म घेतला. मॅडमनी योहानाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना अंधारात ठेवायचं नाही, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. पडद्यावर पांढऱ्या केसांची बाई आली. गयाबाईंनी तिला नमस्कार केला, तिनेही हात जोडले. मॅडम प्रत्येक उत्तर तिला इंग्रजीत सांगत होत्या.

"घराला कंपाउंड आहे का?" मी वाचलं.

"भिंतीच दोन हायेत. दोन बाजूनं पत्रा."

मी लिहिलं: नाही.

"कायमचा पत्ता?"

"सहा म्हैने वडवणीकडं. सहा म्हैने मुकादम नेईल तिथं."

नाही.

"कुत्र्याला झोपायला वेगळी जागा?"

"गाडीखाली."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी लिही म्हणून खूण केली.

"जवळ जनावरांचा दवाखाना?"

"माणसाचाच न्हाई, बाई."

बाहेर हॉर्न वाजत होता. फॉर्मवर एकाखाली एक 'नाही' झाले होते. गयाबाईंना वाचता येत नव्हतं, पण माझा हात प्रत्येक वेळी तेवढाच हलतोय हे त्यांना कळत होतं. त्यांनी विचारलं, "नापास व्हायलंय का मी?"

शेवटचा प्रश्न राहिला होता. "कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील?"

"एकटा?" गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "एकटा कशाला ऱ्हाईल? आमीच कुठं एकटं असतो? धनी, मी, सून, बैलं. रातंदिवस तिथंच."

मी लिहिलं: शून्य.

योहानाबाईंचा फॉर्मही त्याच फाइलमध्ये होता. त्यांच्या बाकी सगळ्या रकान्यांत 'हो' होतं. याच रकान्यात त्यांनी चार लिहिलं होतं. त्या लायब्ररीत अर्धा दिवस काम करतात. मॅडमनी शून्य सांगितलं तेव्हा त्यांनी पडद्यावर बोटांचा गोल करून दाखवला आणि पुन्हा विचारलं. मॅडमनी मान हलवली. मग योहानाबाई काहीतरी म्हणाल्या.

"मंदा, फोन घेऊन बाहेर जा," मॅडम म्हणाल्या. "कुत्र्याला सोड. त्यांना बघायचंय."

मी फाटक उघडलं. बादशा सरळ हायवेच्या कडेला गेला. ट्रकमध्ये दोन बैल, भांडीकुंडी आणि चाकं काढून ठेवलेली गाडी होती. गाडी वर होती, त्याला चढता येईना. त्याने एकदा वर पाहिलं आणि मग ट्रकच्या खाली शिरून, चाकांच्या मधोमध, पुढे तोंड करून बसला.

"ओ बाई!" ड्रायव्हर ओरडला. "काढा की कुत्रं खालून! ट्रक कसा काढू मी?"

त्याने हॉर्न दाबून धरला. बादशाने कानसुद्धा हलवला नाही. मी खाली बसले आणि फोन त्याच्यासमोर धरला. योहानाबाई बराच वेळ बघत होत्या. मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. योहानाबाईंनी नाक पुसलं आणि त्या एकच वाक्य बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, हा तर घाबरलेला नाहीये."

मॅडमनी ट्रकच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली. अट एकच घातली, ट्रक जाता-येता इथे थांबेल तेव्हा लस टोचून घ्यायची. बादशाची जाडजूड फाइल गयाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली. "आमच्या सगळ्या घराला मिळून एवढे कागद न्हाईत," म्हणाल्या, आणि फाइल पोटाशी धरून ट्रकमध्ये चढल्या. कुत्र्याला मी आणि ड्रायव्हरने उचलून वर दिलं. तो चाकं काढलेल्या गाडीखाली सरपटत शिरला.

योहानाबाईंनी नंतर एक डोळा नसलेली कुत्री नेली. ती बीडमध्ये एका भाड्याच्या घरात वाढली होती आणि खुर्चीशिवाय बसायची नाही. तिचं तिकडे बरं चाललं आहे. चार तास ती खिडकीत बसते.

बादशा पुढच्या दिवाळीनंतर आला आणि लस घेऊन गेला. गाडीखालून चालताना तो आता बैलांपेक्षा थोडा मागे पडतो, म्हणून गयाबाईंचे मालक बैलच हळू हाकतात, असं त्या म्हणाल्या. तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

मॅडमनी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला आहे: कुत्रा कुठे बसतो. तिथे मी फक्त जागा लिहिते. का बसतो, ते पहिला महिना रिकामं ठेवते. आणि नवा कुत्रा आला की, रजिस्टर उघडण्याआधी, रस्ता ओलांडून आप्पांकडे जाऊन येते.