बेस
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला जळगाव जामोदचा तो मंडप आठवतो. मूळचा सोनाळ्याचा, मुंबईत जाऊन देशभर गाजलेला गिटारवाला पहिल्यांदाच आपल्या मुलखात वाजवणार होता आणि साउंड माझ्याकडे होता. भर दुपारी मी मिक्सरची तुटलेली वायर जोडून उठलो, तेवढ्यात त्याने बेस गिटारची जाड तार छेडली. "बेस?" त्याने स्टेजवरून विचारलं. "बेस," मी म्हणालो. "अरे, बेस कसा येतोय?" "बेस." मी त्याची नक्कल करतोय असं वाटून तो खाली उतरला आणि दांड्याने धरून ती गिटार त्याने माझ्या तोंडावर हाणली. दुसऱ्या घावाला माझा अर्धा दात मिक्सरवर पडला, बटणांच्या फटींत रक्त उतरलं. तिसऱ्यांदा गिटार वर गेली तेव्हा पहिल्या रांगेतली त्याची आई मधे आली. "काऊन मारून राह्यला रे त्याले? आपल्या इकडे बेस म्हंजे चांगलं. इसरला का तू?" गिटार खाली आली. संध्याकाळी त्याने वाजवलं, लोक नाचले. अजूनही कोणी तब्येत विचारली की 'बेस' ओठांवर येतं, जीभ त्या तुटक्या दाताला लागते आणि मी "चांगली आहे" म्हणतो.