काहिलीत जागा एकाचीच

अर्ध्या विनोदावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस जगात एकच झाला आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा होता, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. ताई त्यांना मामंजी म्हणायची, म्हणून मीही मामंजीच म्हणायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला कोल्हापुरात शाळेत नोकरी लागली आणि मी मंगळवार पेठेत ताईच्या घरी राहायला आले. पहिल्याच सकाळी मामंजींनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मास्तरीणबाई, पोरं तुम्हाला घाबरत्यात, का तुम्ही पोरांस्नी?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते आपल्या उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होते, भुवया उंचावून, हसू तयार ठेवून. असे दोन-अडीच सेकंद थांबले आणि मग जणू काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं दाढी करायला निघून गेले. ताईचं लग्न ठरवताना वडिलांनी चौकशी जरा घाईतच उरकली असावी, असं मला वाटलं.

खरी गोष्ट ताईनं दोन दिवसांनी भाकरी थापता थापता सांगितली. मामंजी एके काळी कोल्हापुरात निघणाऱ्या सिनेमांतल्या एका विनोदी जोडीतला काटकुळा अर्धा भाग होते. दुसरा भाग पेठ वडगावचा, दाराएवढा रुंद. कामाची वाटणी ठरलेली होती. प्रश्न मामंजींनी टाकायचा, उजवीकडे वळून थांबायचं, आणि जोडीदारानं असं उत्तर द्यायचं की थिएटरातले लोक खुर्चीतून खाली यावेत. जोडी मोडून तीस वर्षं होऊन गेली, पण मामंजींनी वाटणी बदलली नव्हती. रस्त्यानं जाताना ते उजवीकडे एका रुंद माणसाची जागा सोडून चालत, त्यामुळे आमच्या बोळात समोरून येणाऱ्या म्हशीला माघार घ्यावी लागे. सोफ्यावर बसले की डाव्या टोकाला चिकटून. हॉटेलात एकटे गेले तरी दोन चहा मागवत, एक उजवीकडे ठेवत, आणि आपला संपला की "गार व्हायला लागलाय ह्यो" असं म्हणून तोही पिऊन टाकत. एकदा खोकल्यासाठी दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडं आलेला माणूस परत म्हणून येत न्हाय म्हणं!" आणि थांबले. डॉक्टरही थांबले. बराच वेळ दोघं एकमेकांची वाट बघत बसले. शेवटी डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाखाली विस्मरणावरच्या गोळ्या लिहून दिल्या. मामंजींनी त्या इमानेइतबारे संपवल्या. खोकला गेला, सवय राहिली.

ही जोडी मोडली ती काहिलीपायी. एका निर्मात्याला हुक्की आली, की परग्रहाचा विनोदी सिनेमा काढायचा. गोष्ट अशी की, कसबा बावड्याच्या उसात परग्रहावरचं यान उतरतं, ते निघतं पंक्चर, आणि ते बघायला आत शिरलेल्या दोन सायकल दुरुस्तीवाल्यांना घेऊनच ते उडतं. यान कुठून आणायचं? स्टुडिओतल्या सुतारानं गुऱ्हाळावर उसाचा रस आटवतात त्या दोन भल्यामोठ्या काहिली आणल्या, एक उताणी ठेवून तिच्यावर दुसरी पालथी घातली, चंदेरी रंग फासला आणि बाजूला दार कापून घेतलं. दाराचं माप मात्र समोर उभ्या असलेल्या मामंजींचं घेतलं. शूटिंगच्या दिवशी जोडीदार कमरेपर्यंत आत गेला आणि तिथंच अडकला. चौघांनी पाय धरून ओढून काढला तेव्हा अख्खा स्टुडिओ पोट धरून हसत होता. निर्मात्यानं तिथल्या तिथं फर्मान काढलं, एकट्यालाच उडवा.

"मीबी हसलो, मास्तरीणबाई," मामंजी एकदा मला म्हणाले. "बाकीच्यांनी हसावं म्हणूनच आम्ही हुतो. पर मी हसायचं न्हवतं. त्यो न्हाय तर मीबी न्हाय, एवढं तरी म्हणायचं हुतं." या वाक्यानंतर मात्र ते थांबले नाहीत, सरळ उठून गेले.

जोडीदार त्याच दिवशी तोंडाचा रंग धुऊन एसटीनं पेठ वडगावला गेला. तिथं त्यानं कापडाचं दुकान घातलं आणि पुन्हा कधी मामंजींशी बोलला नाही. मामंजी एकटे उडाले. पण पडद्यावर प्रत्येक प्रश्नानंतर उजवीकडे वळून थांबतच राहिले. दिग्दर्शकानं बजावलं, विनवलं, शेवटी हात जोडले. फिल्म महाग, पुन्हापुन्हा घेणार किती? ते थांबणं तसंच्या तसं सिनेमात गेलं. लोकांना वाटलं, हा भुताशी बोलतोय. सिनेमा आठवड्यात उतरला. मामंजींनी स्वतः तो कधीच पाहिला नाही.

आणि एके दिवशी टीव्हीवर सांगितलं की तोच सिनेमा येत्या रविवारी दुपारी दाखवणार आहेत. मामंजींचं जेवणावरचं लक्षच उडालं. त्यांच्या मनात काय आहे ते कुणालाही कळलं असतं. सिनेमा त्यांना बघायचा नव्हता, जोडीदारानं तो बघायला हवा होता. त्या मोकळ्या जागा कुणासाठी सोडल्या आहेत हे त्याला एकदा तरी कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. दोघंही सत्तरीला टेकलेले, असा योग परत कुठला यायला! शनिवारी मी त्यांना न विचारता पेठ वडगावच्या दुकानात फोन लावला आणि बोलावणं केलं. पलीकडून खणखणीत आवाज आला, "त्या काहिलीत मी मावलो न्हाय. आता तुमच्या घरात मावणार व्हय?" आणि फोन आपटला.

रविवारी नावं पडद्यावर सरकत होती तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. बघते तर एक वाळलेला म्हातारा, सदरा खांद्यावरून ओघळलेला. "पावणं, जागा हाय का आत?" त्यानं विचारलं. त्या आवाजानं मामंजी उभेच राहिले. त्यांनी सोफ्याच्या उजव्या बाजूकडे हात केला. म्हातारा बसला, तरी शेजारी आणखी एक जण बसेल इतकी जागा उरली.

"साखरंच्या आजारानं खाल्लं बघ मला," तो म्हणाला. "आता मावंन की काहिलीत."

मामंजींनी आपल्या सुटलेल्या पोटावरून हात फिरवला. "आता मी न्हाय मावायचो."

तीस वर्षांत मामंजींनी स्वतः दिलेलं हे पहिलं उत्तर. दोघंही असे हसले की ताई पोळीचं लाटणं घेऊन बाहेर आली.

मग सिनेमात यान उसात उतरलं. पडद्यावरच्या काटकुळ्या मामंजींनी त्याला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "पंक्चर कशानं झाली म्हणायची ही?" आणि उजवीकडे वळून थांबले. सोफ्यावरून ताबडतोब उत्तर आलं, "चांदणी घुसली आसंल चाकात!" आमचं घर हसून हसून लोळलं. पुढची प्रत्येक मोकळी जागा त्या म्हाताऱ्यानं भरली, एकही शब्द आधी ठरवलेला नसताना, एकदाही न चुकता. अर्ध्या सिनेमानंतर त्यानं मान वळवून विचारलं, "माझी जागा सोडली हुतीस व्हय रं, लेका?"

"मग? दुसऱ्या कुणाची सोडू?" मामंजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "मग पडणारच की पिक्चर. आर्धाच काढला हुतास."

त्यानंतर सहा वर्षं जोडीदार दर रविवारी येत राहिला. मग एका रविवारी तो आला नाही, तो गेल्याचा फोन आला. मामंजी पेठ वडगावला जाऊन आले आणि महिनाभर त्यांनी कुणालाच प्रश्न विचारला नाही.

सिनेमा टीव्हीवर दाखवला त्या रविवारीच भावोजींनी तो कॅसेटवर उतरवून घेतला होता. एका संध्याकाळी मामंजी एकटेच ती लावून बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. पंक्चरची जागा आली आणि मला राहवलं नाही. "चांदणी घुसली आसंल चाकात," मी म्हणाले. मामंजींनी कॅसेट थांबवली. आता रागावतात असं वाटलं.

"उशीर केलासा, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "त्यो एवढा थांबत न्हवता." आणि कॅसेट मागं नेऊन परत लावली. मी परत चुकले. त्यांनी परत मागं नेली. सातव्या खेपेला जमलं. मामंजी हसले आणि मला मात्र रडू यायला लागलं. ते बघून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली, "सूनबाई, चहा टाका."

"किती जणं हाईसा?" ताईनं आतून विचारलं.

"तीन," मामंजी म्हणाले.

ताईनं काही न विचारता तीन कप आणून ठेवले. तिसरा गार व्हायला लागला तेव्हा मामंजींनी तो माझ्यापुढे सरकवला आणि मी तो प्यायले.