दातावरची रेघ

नातवाचा पहिला दात आज पडला. कौलांवर फेकायला तो अंगणात धावला, पण मी दात मागून घेतला आणि पैनगंगेकाठची दुपार आठवली.

साठ-बासष्ट साल असेल. मी फुलसावंगीकडची नवी सून, पोटुशी. सासूबाई आणि मी नदीच्या झिऱ्यावर पाणी भरत होतो. दरडीत जुनी हाडं शोधणाऱ्या कॉलेजच्या मास्तरांनी आम्हाला दगड झालेली हत्तीची दाढ दाखवली.

"हे कंगोरे गवत चावायचे. म्हणजे तेव्हा इथं गवताळ रान होतं. पहिल्या माणसांचं खाणंही दातांवरूनच कळतं."

सासूबाईंनी घागर टेकवून तोंड उघडलं. "मंग माहे पाहून सांगा."

"जात्यावरची ज्वारी. पिठात उतरलेल्या दगडाच्या कचीनं झिजलेत."

"बराबर. अन् उपास? तोबी दिसते काय?"

"दिसतो. आईच्या पोटात किंवा लहानपणी उपासमार झाली की दातावर आडवी रेघ राहते."

सासूबाईंनी दातांवरून जीभ फिरवली आणि ओला हात माझ्या पोटावर ठेवला. "याच्या दातावर रेघ नाही पाह्यजे, पोरी."

घरात सून शेवटी जेवायची. त्या संध्याकाळी तव्यावरची पहिली भाकर माझ्या ताटात पडली.

नातवाचा दात मी उन्हात फिरवून पाहिला. गुळगुळीत होता.

"फेक आता," म्हटलं, "उंच फेक."