अध्यक्षांनी हरवलेले वडील

आमच्या धाकट्या दिराला घरात सगळे अध्यक्ष म्हणतात. हे नाव मी ठेवलं, आणि त्यात कौतुक काडीचंही नव्हतं. पण त्याला ते आवडलं, यावरूनच काय तो माणूस समजून घ्यावा. मी लग्न होऊन आले तेव्हा अध्यक्ष शाळेची पाटी-पुस्तकं घरभर टाकत हिंडायचे, म्हणून मी त्याला अजून अरेतुरेच करते. त्यालाच काय, त्याच्या ग्रुपलाही केलं असतं.

'मदतीचा हात' हे त्याने मोबाइलवर काढलेल्या त्या ग्रुपचं नाव. हात भरपूर, मदत शोधावी लागते. आमच्या जिन्यातला दिवा गेला तेव्हा अध्यक्षांनी अंधाराचा फोटो काढला, त्याखाली नागरिकांच्या कर्तव्यावर हातभर मजकूर लिहिला, आणि त्यावर लोकांनी टाकलेले लाल बदाम मोजत सोफ्यावर बसले. दिवा माझ्या सासऱ्यांनी लावला. स्टूल मी धरलं होतं. 'रक्त हवंय' असे निरोप अध्यक्ष उठता-बसता पुढे ढकलतात, पण स्वतः सुई पाहिली की यांना घेरी येते. खोटं कशाला बोलू, एकदा त्या ग्रुपमुळे पलीकडच्या इमारतीतल्या बाईंना चाकांची खुर्ची मिळाली होती. त्या एका खुर्चीवर अध्यक्ष आजतागायत बसलेत.

माझे सासरे, म्हणजे बाबा, कुलपं-किल्ल्यांचं काम करतात. चौकात त्यांचा एवढासा गाळा आहे. आत किल्ली घासायचं मशीन, भिंतीवर कोऱ्या किल्ल्या, आणि बसायला एक फळी. कुणाचं कपाट अडलं, कुणी स्वतःलाच घराबाहेर कोंडून घेतलं, की बाबांना बोलावणं यायचं. सासूबाई गेल्यापासून तर तो गाळा हेच त्यांचं घर झालं होतं. जेवायला आणि झोपायला तेवढे आमच्याकडे यायचे. माझे यजमान नोकरीपायी परगावी, तेव्हा घरात बाबा, मी आणि अध्यक्ष.

तर एके दिवशी बाबा कुणाची तरी तिजोरी उघडायला लांब गेले आणि फोन घरीच चार्जिंगला राहिला. संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. काळजी मलाही वाटली. मी चप्पल घालून चौकात विचारायला निघाले. अध्यक्षांनी काय करावं? वडिलांचा फोटो टाकला ग्रुपवर. 'हरवले आहेत. स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. स्वतःचं नाव सांगू शकत नाहीत. दिसल्यास सोडू नका.'

मी चौकातून परत येते तर बाबा समोर चहा पीत बसलेले! माझा फोन वाजायचा थांबेना, म्हणून मी तो निरोप वाचला आणि माझं डोकंच फिरलं.

"अरे, स्मृतिभ्रंश कुणाला झालाय? तुला?"

"वहिनी, तुला यातलं कळत नाही," अध्यक्ष म्हणाले. "नुसतं 'वडील अजून घरी आले नाहीत' असं लिहिलं तर कोण पुढे पाठवणार? आजार असला की लोक पाठवतात."

"मग आता लिही की सापडले."

लिहिलं. 'सापडले, आभार.' पण हरवलेल्या माणसाला जेवढे पाय फुटतात तेवढे सापडलेल्याला फुटत नाहीत. तो पहिला निरोप तोवर कुठल्या कुठल्या ग्रुपांत जाऊन पोहोचला होता. त्यावर तारीख नव्हती. आजार मात्र होता.

दुसऱ्याच दिवशी बँकेच्या दारातल्या रखवालदाराने बाबांचा दंड धरला. "आजोबा, घाबरू नका, इथे बसा." मग एका बाईंनी त्यांना बसथांब्यावरून उचलून पोलिसचौकीत नेऊन बसवलं. बाबा ओरडून नाव सांगत होते, गाळ्याचा पत्ता सांगत होते, आणि त्या बाई पोलिसांना म्हणत होत्या, "असंच काहीबाही बोलतात हो ही माणसं." मी जाऊन सोडवून आणलं. तोवर त्या बाईंनी बाबांबरोबर फोटो काढून 'आजोबा सापडले' असं टाकलंही होतं. त्याला आमच्या अध्यक्षांनी बदाम दिला. स्वतःच्या बापाच्या धरपकडीला बदाम! काय म्हणावं या कर्माला?

हे एकदा झालं असतं तर हसून सोडलं असतं. पण त्याची सवयच लागली लोकांना. बाबा पिशवी घेऊन निघाले की कुणीतरी हात धरायचं, कुणीतरी पाण्याची बाटली तोंडाला लावायचं. सगळी भली माणसं, त्यांना शिव्या तरी कशा द्यायच्या? मी दिल्या, ती गोष्ट वेगळी.

आणि मग गाळा बसला. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्याच्या हातात घराची किल्ली कोण देणार? एक बाई तर किल्ली घासायला टाकून गेल्या, थोड्या वेळाने मोबाइल हातात घेऊन परत आल्या, आणि अर्धवट घासलेली किल्ली तशीच मागून घेऊन गेल्या. बाबा त्या दिवशी लवकर घरी आले. जेवले नाहीत.

बाबा कुणापुढे हात पसरणारे नव्हेत. पण लेकापुढे बसले आणि म्हणाले, "एवढं एकच लिही. मला आजार नाही, तो तू पदरचा घातला होतास. लोक तुझं ऐकतात. माझं काम परत सुरू होईल."

"लिहितो ना, बाबा."

लिहितो, लिहितो करत दिवस गेले. मी मागे लागले तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. "वहिनी, मी खोटं लिहिलं असं स्वतःच सांगितलं तर ग्रुपची विश्वासार्हता काय राहील? उद्या खरंच कुणाला गरज लागली तर?"

"आत्ता खरंच गरज आहे. तुझ्या बापाला."

"तू फार व्यक्तिगत घेतेस."

घ्या! बापाचं प्रकरण व्यक्तिगत घ्यायचं नाही, तर काय सार्वजनिक घ्यायचं?

बाबा हळूहळू बाहेर पडेनासे झाले. खिडकीशी बसायचे. हात नुसते मांडीवर. ते बघून अध्यक्षांना पाझर फुटला आणि त्यांनी काय काढावं? 'एकाकी ज्येष्ठांना एक रविवार' नावाची मोहीम! सुरुवात आपल्याच घरापासून. ग्रुपमधली माणसं येणार, गप्पा मारणार, आणि सगळं मोबाइलवरून सगळ्यांना थेट दिसणार.

मी पातेलं आपटलं. पण बाबा शांतपणे म्हणाले, "येऊ दे. थेट दिसणार ना सगळ्यांना? मग मीच सांगतो." ते कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि काय बोलायचं ते माझ्यापुढे एकदा बोलून दाखवलं. "बरोबर आहे ना गं?" म्हणाले. बरोबर होतं. एक शब्द जास्त नव्हता.

माणसं आली. खोली भरली. कुणी फुलं आणली, कुणी बाबांच्या गुडघ्यावर शाल पांघरली, भर उकाड्यात. अध्यक्षांनी मोबाइल कपाटाला टेकवून उभा केला आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

बाबा ताठ बसून बोलायला लागले. "नमस्कार. मला कसलाही विसर पडलेला नाही. मी चौकात किल्ल्यांचं काम करतो. त्या दिवशी मी कामाला गेलो होतो, हरवलो नव्हतो. आजाराचं माझ्या मुलाने मनाने लिहिलं. माझी बुद्धी शाबूत आहे. गाळा उघडा आहे, कामाला या."

मग समोरच्या बाई मान वाकडी करून, लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, "हो का, काका? छान, छान." मागून एकजण हलकेच म्हणाला, "त्यांना स्वतःला कळत नसतं. हेच तर या आजाराचं लक्षण."

"अहो, खरं बोलतायत ते!" मी ओरडले. "एक अक्षर खोटं नाही त्यात!" तर त्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, सांभाळणाऱ्यावर फार ताण येतो हो, तुम्ही पण कुणाशी तरी बोलत जा.

आता उरला एकच माणूस. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बाबाही बघायला लागले. त्याने नुसतं 'हो, खरं आहे' म्हणायचं होतं. एवढ्यावर बाबांचा गाळा, त्यांचा रस्ता, सगळं परत मिळणार होतं.

अध्यक्षांनी मोबाइलकडे पाहिलं. मग वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आज जरा जास्तच आहे त्यांचं."

बाबा उठले. शाल खाली पडली. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि दाराकडे निघाले. दोघा-तिघांनी धावत जाऊन वाट अडवली. "काका, कुठे? एकटे नका जाऊ." आणि अध्यक्षांनी, माझ्या डोळ्यांदेखत, दाराला आतून कडी घातली.

बाबांनी धक्काबुक्की केली नाही. परत खुर्चीवर येऊन बसले. कुणीतरी शाल पुन्हा पांघरली, ती त्यांनी काढली नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "काका, तुमचं नाव काय, आठवतं का?"

बाबा आपल्या लेकाकडे बघत म्हणाले, "यांना विचारा."