एका विद्यार्थिनीचा विभाग

आर्लिस व्होटावा यांनी नेब्रास्कातल्या एका विद्यापीठात, ग्रंथालयशास्त्राच्या विभागात, चौतीस वर्षे शिकवले. विभाग १९३१ साली ग्रंथालयाच्या तळघरात अकरा मुलींना घेऊन सुरू झाला. पुढे पदवी आली, बालवाचनाचा अभ्यासक्रम आला, आणि खेड्यापाड्यांतल्या ग्रंथालयांत आधीच नोकरीला असलेल्यांसाठी शनिवारचे वर्ग निघाले. शनिवार आर्लिसबाईंचा. पहिल्या तासाला त्या सांगत, "वाचक जे विचारतो तेच त्याला हवं असतं असं नाही. उत्तराची घाई करू नका, आणखी एक प्रश्न विचारा."

१९८४च्या मार्चमध्ये उपकुलगुरू पेलहॅम यांनी त्यांना बोलावले.

"व्होटावाबाई, तुमच्याकडे सध्या विद्यार्थी किती?"

बाईंनी आकडा सांगितला नाही. "साहेब, तुम्हाला नेमकं काय ठरवायचंय?"

पेलहॅम खिडकीबाहेर बघू लागले. "विभाग बंद करायचाय. विश्वस्तांचं ठरलंय. किती जणांची समजूत घालावी लागेल, ते बघत होतो."

"समजूत नको, पदवी द्या. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचं शिक्षण पुरं होईतो विभाग चालेल, एवढं लिहून द्या. मग मी आडवी येणार नाही."

दोन वर्षांचा प्रश्न आहे, असे समजून पेलहॅमनी सही केली. त्यांनी दिवसाचे वर्ग तेवढे धरले होते. शनिवारची जोनेल ब्रांट त्यांच्या हिशेबात नव्हती. नव्वद मैलांवरच्या गावात ती ग्रंथालय सांभाळी आणि सत्राला एकच विषय घेई. तिचे सात विषय बाकी होते.

१९८६च्या जूनमध्ये बाकीचे विद्यार्थी बाहेर पडले, पाठोपाठ अध्यापकही गेले. खोल्या सांख्यिकीवाल्यांनी घेतल्या. बाई त्याच वर्षी निवृत्त होऊन ऑरेगनला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. त्यांनी बहिणीला कळवले, अजून दीड वर्ष.

नोव्हेंबरात जोनेल आली ती वही न घेताच.

"बाई, मी सोडते. माझ्यापायी तुम्ही अडकलात. लोक हसतात ते वेगळंच. आज शिपाई विचारत होता, सगळा वर्ग आला का म्हणून."

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, एकही गैरहजर नाही."

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "बर्फ पडतं त्या दिवशी तुझ्याकडे वाचक किती येतात गं?"

"एखादा. कधी तोही नाही."

"तरी दार उघडतेस?"

"उघडावंच लागतं. पाटीवर वेळ लिहिलीय ना."

"मग इथंही वेळ लिहिलेली आहे." बाईंनी तिच्यापुढे कोरे कागद सरकवले. "बस. वर्गीकरण कुठवर आलं होतं?"

१९८७च्या डिसेंबरात पदवीदान झाले. विभागाचे नाव पुकारले गेले आणि जोनेल एकटी उभी राहिली. सभागृह क्षणभर आणखी कोणी उठेल म्हणून थांबले. मग टाळ्या वाजल्या.

सोमवारी सकाळी बाईंनी पेलहॅम यांच्या कार्यालयात एका ओळीचे पत्र दिले : 'शेवटच्या विद्यार्थिनीस पदवी मिळाली आहे, विभाग आता बंद करता येईल.'