ताईच्या कढईतली कच्ची केळी

सव्वा महिना झाला. सकाळी दहाच्या सुमारास मी चिखलीला माझ्या घरी मेथी निवडत बसले होते, तेव्हा भाच्याचा, विनूचा, संभाजीनगरहून फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. रात्री झोपली ती उठलीच नाही. फोन ठेवून मी उरलेली मेथी निवडून काढली... का, ते अजून सांगता येत नाही. माझी थोरली बहीण गेली होती आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की तिच्याशी एक गोष्ट बोलायची राहून गेली.

ताई लग्न होऊन अमडापूरला गेली. भाऊजी शाळेत कारकून होते. घरामागे मोरीच्या पाण्यावर केळीची दोन-तीन झाडं होती. एका वैशाखात वादळानं त्यातलं एक घडासकट आडवं झालं. केळी हिरवीगार, पिकण्यातली नव्हती, आणि टाकून देणं ताईच्या स्वभावात नव्हतं. हाताला तेल लावून तिनं ती सोलली, जाड तुकडे करून तळले, तर आतून दडस, टणकच निघाले. मग चिडून एकेक तुकडा पाटावर ठेवून वाटीच्या बुडानं दाबला, मीठ-हळदीच्या पाण्याचा हात लावला आणि पुन्हा कढईत सोडला. कडा कुरकुरीत झाल्या, मधला भाग मऊ राहिला. सोबत घट्ट दह्याची चटणी, त्यात तेलात परतलेला लसूण, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट. तेव्हापासून अमडापूरला गेलेला पाहुणा हे काप खाल्ल्याशिवाय परतला नाही. भाऊजी होते तोवर चटणी आधी त्यांच्या तळहातावर जायची. ते चाटून मान हलवायचे, मगच ती ताटात यायची. आम्ही त्यावरून दोघांना चिडवत असू.

भाऊजी गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीची गोष्ट. माझ्या मुलीच्या सासरची माणसं ताईकडे फराळाला आली होती. घर माणसांनी भरलेलं, सगळे एकदम बोलत होते, त्यात माझाच आवाज मोठा. ताईनं काप आणले, चटणी आणली. लसूण करपून कडू झाला होता आणि दही विटलेलं होतं. विहीणबाईंनी वाटी हळूच बाजूला सरकवली. मला लाज वाटली आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, हात बिघडला वं तुहा. हे काय पाहुण्यायले वाढाचं हाय?" ताई "हो का?" म्हणाली. वाट्या गोळा करून आत गेली. मोरीत पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत होता... मी उठून आत गेले नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी एकटीच एसटीनं अमडापूरला गेले. दार उघडंच होतं. उंबऱ्यातच गॅसचा उग्र दर्प नाकात शिरला. शेजारची पिठाची गिरणी धडधडत होती आणि ताई शेगडीपासून दोन हातांवर बसून शांतपणे केळी सोलत होती. मांडीजवळ काडेपेटी. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

"ताई, तुले वास नाही येऊन राह्यला?"

तिनं पदराला हात पुसले. "नाही येत. चार वर्सं झाले. त्या साथीच्या तापात गेला, तो आलाच नाही. जिभेले खारट-तिखट तेवढं समजते."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगून काय होते, सुमे? विनू येईन न् गॅस उचलून नेईन. मंग मी दिवसभर काय करू या घरात?" आणि पुढचं केळं हातात घेत, "कोणाले सांगू नको वं."

मी "बरं" म्हणाले. दिवाळीचं बोलणं ओठांवर आलं होतं, पण ते तेव्हाही काढलं नाही. परतीच्या एसटीतूनच विनूला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. दुसरं काय करणार होते? पुढच्या रविवारी तो ताईला न्यायला गाडी घेऊन आला, मीही गेले होते. पोरगा चांगला आहे, सूनही जीव लावणारी. त्यांचं काहीच चुकलं नाही. घराला कुलूप लागलं. गाडीत बसताना ताई मला म्हणाली, "तूनंच सांगितलं ना?" मी हो म्हटलं. "बरं केलं," म्हणून तिनं दार ओढून घेतलं. ते ती मनापासून म्हणाली की रागानं, हे मी आजही ठरवू शकत नाही. पुढे वर्षभरही ती जगली नाही.

तेराव्यानंतर विनूची बायको, रेखा, माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आम्ही त्यांना शेगडी लावू द्यायचो नाही. पण मी केळी तळायला घेतली की त्या ओट्याजवळ खुर्ची ओढून डोळे मिटून बसायच्या. मधेच म्हणायच्या, 'तेल बारीक बोलून राह्यलं, पलट आता.' एकदाही काप जळला नाही."

म्हणजे ती इतकी वर्षं कानांनी स्वयंपाक करत होती. आणि त्या दिवाळीत आम्ही तिला ऐकू दिलं नव्हतं.

परवा मी बाजारातून कच्ची केळी आणली. टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, दाबलेले काप कढईत सोडले आणि डोळे मिटून उभी राहिले. तेल आधी मोठ्यानं तडतडत होतं, मग हळूहळू आवाज खाली येत गेला... बारीक म्हणजे किती बारीक, ते मला कळेना. हातात झारा धरून मी थांबले. पाठीमागून कुणीतरी सांगेल असं वाटत राहिलं. डोळे उघडले तेव्हा काप काळे पडले होते, आणि मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.