पाहुण्यांविरुद्ध पंधरा–शून्य

माझ्या एकुलत्या एका मुलीचं जमत आलेलं लग्न मी पंधरा विरुद्ध शून्य अशा फरकानं मोडायला आणलं होतं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच, की शून्य माझं नव्हतं.

मी तसा कमी बोलणारा माणूस. उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. तिथं बोलायचं काम वरच्या साहेबांचं, आपण फक्त 'जी साब' म्हणायचं. हवालदार म्हणून पेन्शन घेऊन वडूजला घरी आलो तेव्हा नंदा माझ्या खांद्याला लागत होती आणि मला बघून आत पळाली, जणू मीच तिला बघायला आलेला पाहुणा. (हे विनोद म्हणून लिहिलं. तेव्हा हसू आलं नव्हतं.) बापलेकीमधलं बोलायचं खातं तिच्या आईकडं होतं. मी तिला सांगायचं, तिनं नंदाला सांगायचं. दोनच वर्षांत नंदाची आई वारली आणि ते खातं कायमचं बंद पडलं.

पुढं नंदा साताऱ्याला मास्तरीण व्हायचं शिकायला वसतिगृहात राहिली. शनिवारी यायची, आठवड्याची चटणी करून ठेवायची, सोमवारी पहिल्या एस.टी.नं जायची. आमचं संभाषण ठरलेलं.

"चटनी कशी झाली हुती, आबा?"

"बरी."

बाकीचे दिवस मी आणि भिंत.

हे माझ्या मेव्हण्याला, म्हणजे नंदाच्या वसंतामामाला बघवेना. तो बोटीवर नोकरीला. एका सुट्टीत त्यानं परदेशातून एक लहानसा टीव्हीच आणून माझ्यापुढं ठेवला.

"दाजी, भिताडाकडं बघत बसताय, त्यापरास ह्याच्याकडं बघा."

पुण्यात टीव्ही येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील, पण पुणं आणि वडूज यांच्यामध्ये डोंगर आहेत, याचा विचार बोटीवरच्या माणसानं करायचं कारण नव्हतं. वसंता माळवदावर चढून अँटेनाचा खांब फिरवायला लागला, मी खाली टीव्हीपुढं.

"आलं का, दाजी?"

"मुंग्या."

"आता?"

"मुंग्याच. पर जरा मोठ्या."

दुपार कलल्यावर तो खाली आला आणि बॅगेतून दुसरा डबा काढला. नारिंगी रंगाचा, त्याला वायरीची दोन शेपटं आणि प्रत्येक शेपटाला एक फिरवायची खुंटी. "ह्यो टीव्हीवर खेळायचा खेळ. सेलवर चालतो. ह्याला डोंगार आडवा येत न्हाई," म्हणाला आणि सुट्टी संपवून बोटीवर गेला.

त्या डब्यात चार खेळ होते. चारही खेळून संपवल्यावर माझं मत असं झालं, की चारही एकच आहेत. पहिला टेनिस. दोन कडांना दोन पांढऱ्या पट्ट्या, मध्ये तुटक रेघ आणि एक चौकोनी चेंडू. (चेंडू चौकोनी का, हे वसंतालाही सांगता आलं नाही.) खुंटी फिरवली की पट्टी वर-खाली जाते, चेंडू लागला की 'टुक', चुकला की समोरच्याला एक गुण. पंधरा झाले की संपलं. दुसरा हॉकी. त्यात आपल्याला दोन पट्ट्या मिळतात, पण एक हलवली की दुसरीही हलते, नव्या रंगरुटांच्या कवायतीसारखी. तिसऱ्यात दोघंही एकाच बाजूला उभे राहून समोरच्या भिंतीवर चेंडू मारतात आणि एकमेकांच्या पायांत येतात. तो संसार झालेल्या माणसाला नवा वाटणार नाही. आणि चौथा खास एकट्या माणसासाठी. आपण आणि भिंत. भिंत चुकत नाही, दमत नाही, 'आबा, जेवलासा का' असं विचारतही नाही.

भिंतीपुढं भिंत मांडून खेळण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी टेनिस लावून दोन्ही खुंट्या स्वतःच घ्यायला लागलो. डावा हात विरुद्ध उजवा हात. एकदा डावा जिंकला, मला त्याचं कौतुक वाटलं आणि मग लक्षात आलं, की हरलोही मीच.

एका शनिवारी नंदाला म्हटलं, "बसती का?" ती बसली. मी तिला पंधरा-दोननं हरवलं.

"आबा, जरा तरी सोडायचं की."

"खेळ म्हंजी खेळ."

ती उठून चटणी कुटायला गेली. पुन्हा बसली नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. डावा हात रागावत नसे, एवढं त्याचं बरं होतं.

अशात माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, नंदासाठी स्थळ आणलं. मुलगा सुभाष, जतचा, वायरमन. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. मेंढरांचा मोठा कळप आणि त्याहून मोठ्या मिशा. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आक्का मुक्कामाला आली आणि तिनं मला समोर बसवलं.

"शिवा, पावनं म्हनलं ऊन, तर ऊन म्हनायचं. पावनं म्हनलं पाऊस, तर भर उनात छत्री उघडायची. पोरीच्या बापाला पावन्याफुडं जिकायची मुभा न्हाई. ध्येनात ऱ्हाईल?"

"जी साब," मी म्हणालो. आक्कानं कपाळाला हात लावला.

पाहुणे आले. अण्णा गादीवर टेकले आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या टीव्हीवर गेली.

"टीवी व्हय? लावा की हवालदार, बातम्या बघू."

पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. मी लावला.

अण्णांनी बराच वेळ टक लावून बघितलं. "बातम्यांत समद्या मुंग्याच हायत."

माझी लाज निघाली. ती झाकायला मी नारिंगी डबा काढला. इथवर माझी चूक नव्हती, असं मी अजून मानतो.

पहिला डाव पंधरा-शून्य. अण्णांना खुंटी कुठल्या अंगाला फिरवायची हेच तो संपेपर्यंत कळलं नाही. "शिकत हुतो," ते मांडी बदलून म्हणाले. "पुन्यांदा मांडा."

आक्का दारात येऊन खोकली. मी खोकल्याचा अर्थ ओळखला, आणि दुसरा डावही पंधरा-शून्य झाला.

"अण्णा, दमला असाल. पोरीला बोलावते. काय इचारायचं ते इचारा," आक्का म्हणाली.

"दमतोय कशाला? पोरगी काय पळून जातीया? मांडा हो."

आक्कानं पोह्यांची बशी ठेवायच्या निमित्तानं वाकून माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की डावा हात पार बधिर झाला. "सोड की रं मुडद्या, एखादा," ती कानात म्हणाली. (डाव्या हातानं मी खेळत नव्हतो, हे तिला कुठून माहीत असणार.)

मी सोडायचं ठरवलं, पण हात ऐकेना. इतक्या महिन्यांनी पलीकडे दुसरा माणूस होता. चेंडू चुकला की "आरं तिच्या मायला" म्हणणारा, मांडीवर थाप मारणारा, घामेजणारा माणूस. डावा हात असं कधी काही म्हणाला नव्हता.

तिसऱ्या डावात चौदा-शून्य झालं. आता मात्र मी पट्टी बाजूला घेतली. अण्णांनी मारलेला चेंडू सरळ माझ्या मोकळ्या कडेला निघाला. एक गुण मिळाला असता, मिशांना पीळ बसला असता, पोहे खाल्ले गेले असते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नंदाचं हसणं ऐकू आलं. सुभाष पाणी प्यायला म्हणून आत गेला होता आणि आतच राहिला होता. मोठे लोक टीव्हीला चिकटल्यामुळं त्यांच्याकडं बघायला कुणी नव्हतं. नंदा पोटातून, मोकळी हसत होती. माझ्या घरात असं हसू मी ऐकलं नव्हतं. ही आता जाणार, हे मला त्या क्षणी कळलं.

आणि माझी पट्टी परत जागेवर आली. टुक.

पंधरा-शून्य. अण्णांनी खुंटी खाली ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठले.

"अण्णा, पोहं तरी..." आक्का आडवी आली.

"प्वाट भरलं. सुभाष, चल."

पाहुण्यांनी पोह्यांना हात न लावणं म्हणजे काय, हे आमच्याकडं शेळीलासुद्धा कळतं. आक्का संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही आणि मग जी बोलली ती दुसऱ्या दिवशी एस.टी. सुटेपर्यंत. नंदानं फक्त एकच विचारलं.

"आबा, मुद्दाम केलंसा?"

"खेळात हात सुटत न्हाई गं," मी म्हणालो.

हे खोटं होतं. ते इथं पहिल्यांदा कबूल करतोय. पुढच्या शनिवारी चटणीत तिखट दुप्पट होतं. मी पाणी पीत राहिलो. डबा कपाटात ठेवला आणि त्या आठवड्यात भिंतीकडंही बघितलं नाही.

जतहून निरोप येईना. आक्कानं दुसरी स्थळं बघायला घेतली, नंदा त्यांच्याविषयी ऐकून घ्यायची आणि ताटावरून उठायची. आणि एका शनिवारी दुपारी जतची एस.टी. पकडून अण्णा एकटेच दारात उभे.

"हवालदार, मला झोप न्हाई. डोळं मिटलं की त्यो चौकोनी चेंडू येतोय."

मी पाणी दिलं. ते प्यायले. तेवढ्यानंच मला धीर आला.

"पोरगं तर जेवंना झालंय. त्याला तुमची पोरगी पायजे," अण्णा म्हणाले. "आन मला त्यो डबा पायजे. नारळ, पोरगी आन डबा. दुसरं काय मागत न्हाई. बोला, व्हय का न्हाई?"

जन्मभर 'जी साब' म्हणायचा सराव होता. तो एकदाचा कामाला आला.

संध्याकाळी नंदाला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी तीन डाव मांडलं म्हनून आमाला बोलायला मिळालं, आबा. न्हाईतर मला सैपाक येतो का इचारून आनि चार पावलं चालून दाखवायला लावून गेलं असतं समदं." आम्ही एका बैठकीत इतकं बोललो, असं ते पहिल्यांदाच.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी ती जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत होती. सगळे बाप अशा वेळी लेकीला काहीतरी सांगतात. मी वायरी नीट गुंडाळून दिल्या आणि म्हणालो, "सेल काढून ठिव गं, न्हाईतर गळत्यात." तिनं मान हलवली. तिला कळलं असावं.

आता वडूजच्या घरी टीव्ही आहे आणि मुंग्या आहेत. डोळे चुरचुरले की जतची एस.टी. धरतो. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, या रिवाजानं घसा कोरडा ठेवून अण्णांपुढं बसतो. अण्णांनी डब्यासाठी थोडी मेंढरं विकून टीव्ही आणलाय आणि बाकीची गड्याकडं सोपवून सराव केलाय. गावात परतल्यावर मी सगळ्यांना सांगतो, की लेकीच्या सासरी बापानं हरायचं असतं, म्हणून मुद्दाम सोडतो. लोक म्हणतात, हवालदार मोठ्या मनाचा माणूस.

परवा तिसरा डाव संपत आला तशी नंदा दारात आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, आबांना जरा तरी सोडा की."

"खेळ म्हंजी खेळ," अण्णा मिशीला पीळ देत म्हणाले.

पंधरा-शून्य. मी जीव तोडून खेळलो होतो, आणि या खेपेला शून्य माझं होतं.